नाव त्याचं पुकारलं

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात फळीवर पाणी भरायचा पितळेचा एक मोठा गुंड आहे. तिच्या लग्नात आमच्या घरून दिलेला. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत तिचं नाव आहे, 'सप्रेम भेट' आहे, आणि त्याखाली माझं नाव, नावापुढे एम.एस्सी. वडिलांनी ही अक्षरं घातली तेव्हा मी एम.एस्सी. नव्हतो. मांडवात तो गुंड मांडला गेला तेव्हाही नव्हतो, आणि त्या वर्षी होणारही नाही, हे सगळ्या मांडवात दोघांनाच माहीत होतं. एक मी. दुसरा माझा मित्र, जो त्या वेळी पंगतीत बुंदी वाढत होता आणि म्हाताऱ्या बायांना आग्रह करून करून हसवत होता.

कमी बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते. तो काही लपवतो आहे की नुसताच गप्प आहे, हे कोणाला कळत नाही. ती सोय मी भरपूर वापरली. माझ्या या मित्राला होस्टेलमध्ये आणि पुढे त्याच्या गावात 'एकदा डोकं फिरलेला' म्हणून ओळखत आले. त्याचं डोकं कधीच फिरलं नव्हतं. फिरलं होतं ते माझं. एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते बोललो असतो तर त्याचं नाव मोकळं झालं असतं. मी बोललो नाही, आणि त्यानं कधी बोल म्हटलं नाही.

आमचं नागपुरात इतवारीत भांड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर, आणि गल्लीभर ठोक्यांचा आवाज. वडील दुकानाच्या पायरीवर बसून बारीक छिन्नीनं भांड्यांवर नावं घालायचे. गिऱ्हाईक नाव सांगायचं आणि वडील न पुसता, न आखता, एका दमात ते कोरायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळाला तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांशी बोलताना ते माझा विषय कुठून तरी आणूच लागले. कोणी कळशी मागितली तरी, "घ्या नं बाप्पा, हे पाहा. आमचा पोट्टा फिजिक्स करून राहिला."

त्या ठोक्यांत अभ्यास व्हायचा नाही, म्हणून एम.एस्सी.ला मी वर्गातल्या या मित्राच्या होस्टेलच्या खोलीत राहू लागलो. नावावर खोली नसताना दुसऱ्याच्या खोलीत पथारी टाकणाऱ्याला होस्टेलात पॅरासाइट म्हणत. मी त्याचा पॅरासाइट. तो पारशिवनीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. अभ्यासात बेताचा, जेवणात अव्वल. मेसचा महाराज त्याला पाहिलं की कणकेचा आणखी एक गोळा मळायला घ्यायचा. त्याला एकच नाद होता, ढोलकीचा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि त्या रात्री दंडार उभी राहते. गाणी, सोंगं, नाच, सगळं उजाडेपर्यंत चालतं. आपल्या गावच्या दंडारीत ढोलकी त्याची. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला तरी हा परत यायचा नाही. आला की डोळे तांबारलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की पाहणाऱ्याला उगाच आपलं काहीतरी राहून गेलं असं वाटावं. एरवी तो खोलीतल्या पत्र्याच्या पेटीवर वाजवायचा. शेजारच्या खोलीतून ओरड यायची, "अबे भैताडा, उद्या टेस्ट आहे!" हा तिथूनच, "मंग तालावर पाठ कर नं बे!"

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात माझं बिघडलं. कशानं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पान वाचून खाली यायचो आणि वर काय वाचलं ते आठवायचं नाही. पुन्हा वर जायचो. एकाच पानावर सकाळची दुपार व्हायची. मग पहाटेच्या आधीच जाग येऊ लागली, आणि जागं झाल्या झाल्या छातीवर कोणी बसल्यासारखं वाटू लागलं. मेसची भाजी तोंडात मातीसारखी फिरायची. एकदा सायकल स्टँडवर कुलूप उघडत नव्हतं एवढ्याच कारणानं मी रडू लागलो, आणि कोणी पाहू नये म्हणून चाकाजवळ बसून हवा पाहत असल्याचं सोंग केलं. फुटाळा तलावाच्या काठावर एका संध्याकाळी मी नको तितका वेळ उभा राहिलो. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

आम्हाला या सगळ्याला शब्द नव्हता. अभ्यास होत नाही म्हणजे आळशी, झोप येत नाही म्हणजे परीक्षेची धास्ती, आणि त्याच्यापुढे काही असलंच तर एकदम पागल. मधलं काही नव्हतंच. मी स्वतःला आळशी ठरवलं आणि जास्त वेळ पुस्तकासमोर बसू लागलो.

बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं. परीक्षा एप्रिलमध्ये, निकाल लागेतो जून संपणार. मार्चमध्ये एकदा घरी गेलो तर वडील पायरीवर बसून तो गुंड कोरत होते. माझं नाव झालं होतं. छिन्नी पुढच्या 'ए'वर.

मी म्हटलं, "बाबा, अजून परीक्षा व्हायची आहे."

"मंग?" वडिलांनी वर पाहिलंच नाही. "लग्न मेमधी. तुह्या निकालाच्या वक्ताले गुंड तिच्या सासरी असन. तिथं जाऊन कोरू काय मी, व्याह्याच्या चुलीपाशी बसून?"

दुकानातला गडी हसला. मीही हसलो असेन. त्या गल्लीत कोणाला यात चूक वाटली नाही. नाव घालायचं ते भांडं हातात असताना, हा धंद्याचा रिवाज होता, आणि मुलगा पास होणार यात शंका कोणाला होती?

पहिला पेपर मी कसाबसा लिहिला. दुसऱ्याला प्रश्नपत्रिका हातात आली आणि अक्षरं नुसती अक्षरंच राहिली. अर्धा तास होईपर्यंत हॉल सोडता येत नसे. अर्धा तास मी पेनाचं टोपण काढत आणि लावत बसलो. मग कोरी उत्तरपत्रिका देऊन उठलो आणि उन्हातून चालत मित्राच्या खोलीवर आलो.

तो तीन तासांनी आला. मी फरशीवर, भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्यानं चपला काढल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि पेला माझ्या पाठीमागे ठेवला.

"तू उठून गेला तवा मी पाह्यलं," तो म्हणाला. "मले वाटलं पोट दुखलं. मंग वाटलं, नाही, हे पोटाचं नाही."

मी कुशीवर वळून पाणी प्यायलो.

"कवापासून होय हे?"

मी सांगितलं. झोपेचं, पानाचं, सायकल स्टँडचं. फुटाळ्याचंही सांगितलं. त्यानं मधे एकदाही 'अरे, असं नाही करू' म्हटलं नाही. पेटीवर बोटंही वाजवली नाहीत. सगळं ऐकून म्हणाला, "हे आजार होय गा. आमच्या बैलाले होते तसं. खात नाही, उठत नाही, डोळ्यातून पानी. बैलाले आमी डॉक्टर दाखवतो. तुले काहून नाही दाखवायचा?"

बैलाची उपमा ऐकून, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, मला हसू आलं. पण अशा दुखण्याचा सरकारी डॉक्टर एकाच जागी बसायचा, आणि त्या जागेला शहरभर एकच नाव होतं: पागलखाना. खरं नाव पाटीवर होतं; ते कोणी उच्चारत नसे. मी म्हटलं, तिथे मी जाणार नाही. अर्ध्या नागपूरच्या घरात आमच्या दुकानाची भांडी आहेत. कोणीतरी ओळखेल. बहिणीचं लग्न महिन्यावर आहे. भावाचं असं कळलं तर व्याही काय म्हणतील?

त्यानं रिकामा पेला माठावर उपडा ठेवला. मग म्हणाला, "ठीक आहे. मी जातो. तू मले सांग काय काय होते ते, मी तिथं सांगतो की मलेच होते. गोळ्या घेऊन येतो."

त्याचे पेपर संपले त्याच आठवड्यात तो गेला. परत आला तो खोलीच्या दारातूनच हसत.

"जमलं नाही बे! डॉक्टर लई हुशार निघाला. झोपेचं सांगितलं, सकाळचं सांगितलं, सारं तुह्यं घोकून गेलतो नं, फटाफट सांगितलं. मंग त्यानं इचारलं, भूक कशी आहे? मी बेसावध. म्हटलं, भूक लई कडक लागते साहेब, पन मेसवाला चवदा पोळ्यांच्या वर देत नाही."

मला हसू आवरेना.

"डॉक्टर बी हासला. म्हणे, अन् झोप येत नाही? म्हटलं, नाही. म्हणे, आत्ता बाकावर तर तू घोरत होता, नाव पुकारलं तवा बाजूच्यानं हलवून उठवला. आता काय बोलू? मंग तो धीरानं म्हणे, ज्याची झोप गेली त्याले घेऊन ये. त्याले सांग, मी नाव नाही इचारत."

पुढच्या बुधवारी मी गेलो. व्हरांड्यात लांब बाक, बाकावर माणसं, आणि दारातून कंपाउंडर एकेकाचं नाव मोठ्यानं पुकारायचा, स्टेशनावर गाडी पुकारतात तसं. मी मान खाली घालून बसलो होतो. पुकारलं ते मित्राचं नाव. तो उठला, माझा दंड धरला आणि मला आत घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि माझ्याशी बोलले. घाई न करता, जणू मागे कोणी रांगेत नव्हतंच. गोळ्या दिल्या. लवकर गुण येणार नाही, आला की सोडायच्या नाहीत, म्हणाले. आणि रात्रीची झोप मोडायची नाही, जागरण पूर्ण बंद. मी बाहेर येताना मित्रानं दारातूनच विचारलं, "साहेब, कागदावर माह्यंच नाव राहू द्याल काय?" डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "नाव कोणाचंही असू द्या," ते म्हणाले, "गोळी यानंच खायची."

आम्ही बाहेर आलो तर व्हरांड्यात होस्टेलचा एक मुलगा उभा. आपल्या मावशीला घेऊन आलेला. त्यानं मित्राचं नाव पुकारलेलं ऐकलं होतं.

लग्न पार पडलं. निकाल लागला. मित्र दुसऱ्या वर्गात पास झाला, मी नापास. वडिलांसमोर मी 'पेपर कठीण गेला' एवढंच म्हणालो. ते छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासत राहिले आणि शेवटी म्हणाले, "गुंड काही परत येत नाही. आता तूच त्याच्या बराबरीले ये." त्यांना त्याहून जास्त कधी कळलं नाही.

मित्रानं नागपुरातच बी.एड.ला नाव घातलं. खोली राहिली, मीही राहिलो. आणि होस्टेलात त्याचं नवं नाव पडलं.

"ए पागल, मीठ दे."

"घे. पन पागलाच्या हातचं मीठ होय, उद्या तूबी माह्या बाजूच्या बाकावर दिसशीन."

तो असाच बोलायचा. चिडला असता तर ते थांबले असते असं मला वाटायचं. तो चिडत नव्हता म्हणून ते चालू राहिलं, असं स्वतःला सांगून मी ताटात पाहत जेवायचो. गोळ्या माझ्या, पेटी त्याची, आणि पेटीतून गोळी काढून मला देताना कोणी आलं तर तो ती सरळ आपल्या तोंडाकडे न्यायचा, खाल्ल्यासारखं करायचा. रात्री दिवा माझ्यासाठी लवकर मालवायचा, पण मुलांना सांगायचा की डॉक्टरनं त्यालाच जागरण बंद केलं आहे.

पण त्या वर्षात मी आणखी एक पाहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय त्याचं चित्र पुरं होत नाही. जी मुलं मेसमध्ये सगळ्यांदेखत त्याला पागल म्हणायची, त्यांतलीच काही एकेकटी खोलीवर यायची. पुस्तक मागायच्या निमित्तानं येणार, दार लोटून घेणार, आणि हळूच, "कसं असते गा तिथं? बांधून ठेवते काय? करंट देते काय?" मित्र त्यांना खाटेवर बसवायचा. "काही नाही करत. बाकावर बसा लागते अन् नाव पुकारते. त्याचीच काय ती शरम. तुले कोनासाठी पाह्यजे?" मग समोरचा एखाद्या मामेभावाचं नाव सांगायचा. मित्र म्हणायचा, "मामेभावाले म्हणा, बुधवारी मी जातोच आहो. संगं चाल." एक सिव्हिलचा मुलगा होता, वर्गात पहिला येणारा, त्याच्या हातांना सतत घाम यायचा. एक मुलगा मुलाखतीच्या नुसत्या विचारानं उलट्या करायचा. त्यांना तो घेऊन गेला. बाकावर त्यांच्या शेजारी बसला. त्याचं नाव आधीच गेलेलं होतं म्हणून त्या मुलांना त्याच्याकडे यायची हिंमत झाली. मी त्या वेळी खोलीच्या कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेलो असायचो, आणि माझ्या तोंडून 'मीसुद्धा' एवढा शब्द निघत नव्हता.

हिवाळ्यात त्याच्यासाठी एक स्थळ आलं. चांगलं घर, मुलगी मॅट्रिक झालेली. तो खूश होता. दोन दिवस पेटीवर नुसत्या लग्नाच्या चाली वाजवत होता. आमच्याकडे मुलीकडचे मुलाची चौकशी बाहेरून करतात. शेजारी, मास्तर, दुकानदार. हा होस्टेलात राहणारा, म्हणून मुलीचा काका होस्टेलात आला. स्वच्छ धोतर, टोपी, हातात छत्री. मित्र तेव्हा कॉलेजात होता. काकानं मेसच्या दाराशी मलाच गाठलं. चहा पाजला.

"तुमी इथलेच नं बाबू? मंग पोट्ट्याले वळखत असान. चांगला आहे म्हणते सारे. फक्त एक आमच्या कानावर आलं." त्यानं बशीतला चहा फुंकला. "पागलखान्यात जाते म्हणते. खरं काय?"

एक वाक्य. तो नाही, मी जातो. समोर अनोळखी माणूस होता, परत कधी भेटलाही नसता. इतवारीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी किती सहज बोलू शकलो असतो, हे त्या वेळीही मला दिसत होतं.

मी म्हणालो, "मी या होस्टेलचा नाही. मी इतवारीला राहतो."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. होस्टेलच्या रजिस्टरात माझं नाव नव्हतंच. काकानं बशी खाली ठेवली. जो माणूस चौकशीला फिरतो त्याला टाळलेल्या उत्तराचा अर्थ कळतो. "बरं," म्हणाला, चहाचे पैसे दिले आणि छत्री टेकत गेला.

स्थळ मोडलं. मेसवाल्यानं मित्राला सगळं सांगितलं. कोण आलं होतं, कोणाला विचारलं, कोण काय म्हणालं. मी खोलीत त्याची वाट पाहत बसलो. मी ठरवलं होतं की तो शिव्या देईल, आणि मी त्या ऐकून घेईन, आणि मग सगळं सारखं होईल. तो आला. चपला काढल्या. पेटी उघडली.

"गोळी घेतली काय गा आज?"

मी मान हलवली. नाही.

त्यानं गोळी दिली, पाणी दिलं. मी गिळेपर्यंत उभा राहिला. त्या विषयावर तो त्या दिवशी बोलला नाही आणि नंतरही नाही. पण पेटी त्यानं कितीतरी दिवस वाजवली नाही.

एप्रिलमध्ये मी पुन्हा परीक्षेला बसलो. झोप परत आली होती, पान लक्षात राहू लागलं होतं, पण त्या हॉलच्या दाराशी पोचलो की मी परत फिरू पाहायचो. पहिल्या दिवशी तो माझ्यासोबत आला. दाराशी म्हणाला, "अर्धा तास तर तुले बसाच लागते, नियमच आहे. तो झाला का पुढचा अर्धा माह्यासाठी बस. मी तिथं भिंतीवर आहो." मी बसलो. अर्ध्या तासानं खिडकीतून पाहिलं तर तो समोरच्या भिंतीवर, डोक्यावर दुपट्टा घेऊन, बी.एड.चं पुस्तक वाचत होता. आणखी अर्धा तास झाला. तो तिथंच. असे सगळे पेपर मी त्या भिंतीकडे पाहत लिहिले. एप्रिलचं नागपूर ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या भिंतीवर बसणं म्हणजे काय ते सांगायला नको. मला पहिला वर्ग मिळाला. बहिणीच्या घरचा गुंड एकदाचा खरा झाला.

मी प्राध्यापक झालो. तो आपल्या गावाजवळच्या शाळेत मास्तर झाला, दोन-तीन वर्षांनी त्याचं लग्नही झालं. आमचं येणं-जाणं राहिलं, पण कमी, आणि ते कमी केलं मी. त्याच्या घरी गेलो की त्याच्या बायकोच्या डोळ्यांत मला पाहता यायचं नाही.

मागच्या वर्षी परीक्षेत मी हॉलवर देखरेखीला होतो. शेवटच्या वर्षाची एक मुलगी, वर्गात नेहमी पुढच्या बाकावर बसणारी, अर्धा तास होताच उठली आणि कोरी उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली. पेनाचं टोपण ती काढत आणि लावत होती ते मी आधीच पाहिलं होतं. हॉल सहकाऱ्यावर सोपवून मी तिच्यामागे व्हरांड्यात गेलो. ती कठड्याशी थांबली. मी म्हणालो, "बाई, मीही एकदा असाच उठून गेलो होतो. मला आजार होता. औषध घेतलं, बरा झालो."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "सर, तुम्ही?"

"हो."

तिनं पेन पिशवीत टाकलं. मग विचारलं, "तुमचं कोणाकोणाला माहीत आहे?"

तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं: असं असूनही माणसात राहता येतं का. मी म्हटलं, तुझ्या आईला बोलाव, आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. आम्ही गेलो, तिचं नाव पुकारलं, ती उठली. पण तिचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. त्याच रविवारी सकाळी मी पारशिवनीची एसटी धरली.

मित्र अंगणात खाटेवर बसून वह्या तपासत होता. केस पिकलेत, जेवण तसंच. त्याची बायको सुपात तूर पाखडत होती. मी पाणी प्यायलो आणि चहा यायच्या आधीच, नाहीतर मी पुन्हा गप्प बसलो असतो, म्हणालो, "वहिनी, तुम्हाला एक सांगायचं आहे. लग्नाआधी यांच्याबद्दल तुम्ही जे ऐकलं होतं, ते यांचं नव्हतं. तो पागलखान्याचा पेशंट मी होतो. हे माझ्यासाठी जात होते. नाव यांचं पुकारायचे."

मित्र म्हणाला, "काहून हे आता गा? चहा घे."

वहिनींचं सूप हातात थांबलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण बोलल्या त्या नवऱ्याशी. "खरं काय हो हे?"

"जुनी गोष्ट होय."

"मी जुनी-नवी नाही इचारली. खरं काय?"

"हाव."

त्या उठल्या. "भाऊजी, माह्या बापाले लोकायनं सांगितलं होतं, पोट्टा एकदा फिरला होता म्हणून. माह्या बापानं मले इचारलं. मी म्हटलं, दुखणं कोनाले येत नाही? करीन मी लग्न. अन् मले सांगनाऱ्यानं हेबी सांगितलं होतं, डॉक्टरनं म्हटलं आहे, याची झोप मोडली का पुन्हा होते. तवापासून मी यायची झोप राखून राहिली. पोरगी रडे तं मी तिले घेऊन बाहेर जात जावो, यायले जाग येईन म्हणून. अन् मंडईले..." त्यांचा आवाज चढला. "लग्न झालं त्या साली दंडारीवाले बलवाले आले. मी पाया पडली यायच्या, की जागरन नका करू. हे नाही गेले. मंग दरसाल नाही गेले. इतकी वर्सं! अन् हा मानूस मले एका शब्दानं नाही बोलला!"

मला ते माहीत नव्हतं. दंडार त्यानं सोडल्याचं मी ऐकलं होतं, पण मास्तर झाला, प्रतिष्ठेला शोभत नसेल, असं समजून चाललो होतो. डॉक्टरांनी मला घातलेलं पथ्य तो इतकी वर्षं पाळत होता.

"काहून नाही सांगितलं?" वहिनी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "मी काय गावभर सांगत फिरली असती?"

मित्रानं लाल शाईच्या पेनाचं टोपण लावलं. "तशी नाही वं तू. पन ते याचं होतं नं. मी कसं सांगू? यानं सांगावं, मंग गोष्ट येगळी." मग तो माझ्याकडे वळला, आणि मी ज्याची इतकी वर्षं वाट पाहत होतो ती शिवी अखेर मिळाली. "आता सांगितलं भैताडानं. माही बोटं जाम झाल्यावर."

वहिनी आत गेल्या. आतून भांडी सरकवल्याचा, माळ्यावर काही ओढल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ढोलकी होती. लुगडं सोडलं तर एका बाजूचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं, दोऱ्या सैल पडलेल्या. त्यांनी ती नवऱ्यासमोर, वह्यांच्या गठ्ठ्यावर, ठेवली.

"दिवाळी कवा आहे यंदा?"

"आहे अजून," तो म्हणाला. त्याचं लक्ष ढोलकीकडे होतं. चांगल्या बाजूवर त्यानं बोटांनी एकदा मारून पाहिलं. आवाज बसका आला. दोरी ताणली, पुन्हा मारलं.

"हिले मढवा लागन," तो म्हणाला. "इतवारीत कोनी मढवनारा आहे काय रे अजून?"

आहे, मी म्हटलं. आमच्या गल्लीच्या मागेच. दुपारच्या एसटीनं मी ढोलकी मांडीवर घेऊन निघालो. शेजारच्या माणसानं विचारलं, तुमची काय? मी त्याला मित्राचं नाव सांगितलं, आणि मग पुढचंही सगळं सांगितलं.